चूक माझी होती, त्यांची नाही

न्युरेम्बर्ग, ६ एप्रिल २०२३

ती. दादांना नंदाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही असं मालिनीवहिनी म्हणाल्या. पंचवीस वर्षं तोफांजवळ काढल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा आता पत्रं. चौतीस वर्षं जर्मनीत राहून माझं अक्षर बिघडलंय, सांभाळून घ्या.

बातमी आपल्या केयाची आहे. मंगळवारी फिनलंड नाटोत गेलं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्याच्यासोबत अर्ज केलेलं स्वीडन मात्र दाराबाहेरच राहिलं. नवा देश घ्यायचा तर आधीच्या सगळ्या देशांची संमती लागते आणि तुर्कस्तान व हंगेरी अडून बसलेत. आम्ही ज्यांना दहशतवादी म्हणतो त्यांना स्वीडन आसरा देतं, ही तुर्कस्तानची मुख्य तक्रार. मग इकडचे खासदार तिकडच्यांना भेटतात, बंद दारांआड बोलतात, मार्ग काढायला बघतात. अशा बैठकांना तुर्की आणि जर्मन दोन्ही पक्क्या येणाऱ्या माणसांची गरज असते. तिथे केयाला बोलावणं आलंय!

आतापर्यंत ती कोर्टात आणि इस्पितळात दुभाष्याचं काम करत होती. तिला तुर्की कसं येतं हे तुम्ही मागे विचारलं होतंत. आमच्या खालच्या मजल्यावरची सेव्हगी. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये पाळ्या करायचे तेव्हा केया तिच्याकडेच वाढली. तिला ती ‘तेयझे’ म्हणते, म्हणजे मावशी. पुढे कॉलेजात रीतसर शिकली, पण जीभ वळली ती सेव्हगीच्या स्वयंपाकघरात.

पहिल्या बैठकीला निळा कोट घालून निघाली तेव्हा हे बाल्कनीतून वळणापर्यंत बघत उभे होते. मला म्हणाले, “आपण इथे आलो तेव्हा मला बेकरीत पाव मागता येत नव्हता. आणि ही आता खासदारांची वाक्यं बोलणार.”

तिकडे सगळ्यांना नमस्कार.

तुमची नंदा

•

देवळाली, ३ मे २०२३

चि. सौ. नंदा, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे, ऱ्हस्वदीर्घ गेलंय.

तुमच्या नाटोचं मला नवल वाटलं नाही. भाऊबंदकीत जमीन विकायची म्हटली की एकतीस जणांच्या सह्या लागतात आणि एक चुलता रुसून बसतो. त्याला जमिनीचं फारसं नसतं. आपल्याला कोणी विचारलं नाही, हे त्याचं दुखणं असतं. तुर्कस्तानचं तसंच काहीसं दिसतं. मोठं सैन्य आहे त्यांचं, त्यांना मान हवा.

केयाचं कौतुक आहे. पण खरं सांगू का, मला दुभाष्याचं काम नीटसं कळत नाही. इकडून पाणी आलं, तिकडून गेलं, नळाचं काय त्यात? शिवाय ती जर्मनीची नागरिक, जर्मनीला स्वीडन आत हवंय. मग ही तुर्कांच्या तोंडाने बोलणार तेव्हा बाजू कोणाची घेणार? फौजेत माणसाला आपली बाजू ठाऊक असते.

तिला विचार आणि कळव. माधवरावांना नमस्कार.

आत्माराम

•

न्युरेम्बर्ग, २६ नोव्हेंबर २०२३

ती. दादा, सा. न.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नका. दिवाळीत चकल्या केल्या, निम्म्या सेव्हगीकडे गेल्या.

तुमचा प्रश्न केयाला मेमध्येच वाचून दाखवला होता. हसली आणि म्हणाली, “मामाला सांग, माझी बाजू वाक्याची.” मला ते फारसं कळलं नाही, म्हणून लिहायचं राहिलं.

स्वीडनचं घोडं अजून अडलेलंच आहे. जुलैत वाटलं होतं की मिटलं, पण तुर्कस्तानच्या संसदेत मतदानच होत नाही. गेल्या आठवड्यात केया त्यासाठीच रेगेन्सबर्गजवळ दोन दिवसांच्या बैठकीला गेली होती. डॅन्यूबकाठी कुठलासा जुना मठ आहे, तिथे. आल्यापासून घरीच आहे. थंडी बाधलीय बहुतेक. जेवते, झोपते, तिच्या बाबांबरोबर फिरायला जाते. बैठकीचं विचारलं तर म्हणते, “आई, डार्फ इश निष्ट.” म्हणजे सांगायची परवानगी नाही. मी आपली तर्क करते की कोणाशी तरी बिनसलं असणार. एकोणतीस वर्षांची आहे, आईला सगळं थोडंच सांगणार!

काळजी करण्यासारखं काही नाही.

नंदा

•

देवळाली, २२ डिसेंबर २०२३

चि. नंदा,

काळजी करण्यासारखं काही नाही असं तू लिहिलंस. काल मालिनी व्हिडिओवर माधवरावांशी बोलली. ते साधे गृहस्थ, बोलून गेले. केयाचं नाव बैठकांच्या यादीतून काढून टाकलंय. महिना होऊन गेला, तिला बोलावणं नाही.

तू माझ्यापासून लपवलंस याचं वाईट वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की बंद दाराआडच्या बैठकीतून माणसाला असं एका दिवसात काढतात ते एकाच कारणासाठी. आतलं बाहेर गेलं असणार. पैशासाठी तिने केलं असेल असं मी म्हणत नाही. सेव्हगीच्या घरात लहानाची मोठी झाली, तुर्कांबद्दल माया असणं स्वाभाविक आहे. कुठेतरी काहीतरी बोलून गेली असेल. पण शपथ ती शपथ.

आपल्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या. कोणाच्या नावावर असा डाग नाही. केयाला हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव.

आत्माराम

•

न्युरेम्बर्ग, ११ जानेवारी २०२४

प्रिय मामा,

आईने तुमचं पत्र दाखवायला तीन दिवस लावले. मी दोनदा वाचलं. हे उत्तर माझं मी लिहिते आहे, आईने फक्त वेलांट्या बघितल्या आहेत. माझं मराठी बोलल्यासारखं आहे, चालेल ना?

मी आतलं काही बाहेर सांगितलेलं नाही. सेव्हगी तेयझेलाही नाही, आईलाही नाही. तुम्हालाही नाही सांगणार, तुम्ही कितीही रागावलात तरी. दुसऱ्यांनी बंद खोलीत जे म्हटलं ते माझं नसतं. ते वाटायचा हक्क मला नाही.

माझ्याबद्दलचं तेवढं सांगू शकते. माझ्याकडून एक चूक झाली. कामातली चूक, मोठी. कोणाला कळली नव्हती. माझी आहे हे कदाचित कळलंही नसतं. मी स्वतः उभं राहून सगळ्यांसमोर सांगितली. म्हणून यादीतून नाव गेलं. बस, एवढंच.

आई म्हणते मी दुःखी आहे. गेनाऊ, म्हणजे अगदी, तसं नाही. काम नाही याचा त्रास होतो, सकाळी उठून कुठे जायचं नसतं याचा खूप होतो. पण आरशात बघायला मला काही वाटत नाही. उलट त्या दिवशी मी जशी उभी राहिले, तशी आधी कधीच उभी राहिले नव्हते.

डाग वगैरे नाहीये मामा.

तुमची केया

•

देवळाली, २ फेब्रुवारी २०२४

चि. केया,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मालिनीने कारण विचारलं, तिलाही सांगितलं नाही. आधी तुला सांगतो.

मी तुझ्यावर नको तो आळ घेतला. क्षमा माग असं मला कोणी म्हटलेलं नाही, मी मागतो आहे.

आता माझं ऐक. सन चौऱ्याऐंशी. राजस्थानात सराव चालला होता. पुढे टेकडीवरून अधिकारी आकडे सांगायचे, ते वायरलेसवर आमच्याकडे यायचे, ऑपरेटर मोठ्याने म्हणायचा, मी लिहून घ्यायचो आणि तोफा त्याप्रमाणे वळायच्या. आमचा ऑपरेटर होता तासगावचा गुरुदत्त. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आवाज असा की वाऱ्यातही प्रत्येक आकडा सुटा यायचा. त्या दुपारी त्याने आकडा बरोबर म्हटला. मी चुकीचा लिहिला. गोळा आठशे मीटर अलीकडे पडला. आमची पाण्याची गाडी उडाली, ड्रायव्हरचा हात गेला.

चौकशीत मला विचारलं, “आकडा कसा चुकला?” माझ्या तोंडून निघालं, “ऑपरेटरने असाच सांगितला, साहेब.” ठरवून नाही बोललो. पण बोललो, आणि मग परत घेतलं नाही. माझा हुद्दा मोठा, माझं ऐकलं गेलं. गुरुदत्तची बढती थांबली ती थांबलीच. तो नाईक म्हणूनच घरी गेला आणि मी सुभेदार झालो. त्याने त्या दिवशी माझ्याकडे एकदा बघितलं, नंतर कधीच नाही.

चाळीस वर्षं झाली. ‘आपल्या घरात कोणाच्या नावावर डाग नाही’ हे वाक्य मी तुझ्या आईला लिहिलं तेव्हा हात थांबला होता माझा. तरी लिहिलं.

तू जे उभं राहून केलंस ते मला वर्दीत असताना जमलं नाही.

तुझा मामा

•

न्युरेम्बर्ग, ११ मार्च २०२४

ती. दादा, सा. न.

तुम्ही केयाला काय लिहिलंत ते तिने मला दाखवलं नाही. “ते मामाचं आहे,” म्हणाली. पण ते पत्र तिने दोन वेळा वाचलं आणि बाबांचा हात धरून बराच वेळ बसली. मी विचारलं नाही. हळूहळू मलाही न विचारायची सवय लागते आहे.

आज ब्रुसेल्सला स्वीडनचा झेंडा चढला. जानेवारीत तुर्कस्तानच्या संसदेने होकार दिला, फेब्रुवारीत हंगेरीने, आणि गेल्या गुरुवारी ते आत गेले. सगळ्यांच्या सह्या झाल्या दादा! पण हे पत्र त्यासाठी नाही. काल काय झालं ते सांगायला लिहिते आहे, सकाळपासून लिहिते आहे.

सेव्हगीच्या मंडळाचा काल सभागृहात कार्यक्रम होता. भूकंपग्रस्तांसाठी दरवर्षी करणार आहेत. तुर्कस्तानहून एक खासदार पाहुणे आले होते, साठीचे, जाड भुवयांचे. सेव्हगी म्हणाली, चला. केया येत नव्हती, मीच ओढून नेलं. पाहुण्यांना बघून तिचा चेहरा बदलला आणि ती सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मी सेव्हगीजवळ पुढे. ते तुर्कीत बोलायला लागले, सेव्हगी माझ्या कानात जर्मन करून सांगत होती.

आधी भूकंपाचं बोलले. मग कोणीतरी उठून रागाने विचारलं, “इतके दिवस अडवलंत, आणि शेवटी स्वीडनला होकार का दिलात? दबाव होता ना?”

ते म्हणाले, “बंद बैठकीत इतरांनी काय म्हटलं ते मी सांगणार नाही. पण माझं वाक्य माझं आहे, ते सांगू शकतो. नोव्हेंबरमध्ये इथून जवळच, नदीकाठी, मी म्हणालो होतो, या वर्षी आम्ही मान्यता देणार नाही. ओनायलामायझ. भाषांतर झालं ते मात्र ओनायलामालयझचं. या वर्षी आम्ही मान्यता द्यायलाच हवी!”

सभागृह हसलं. मला कळेना. सेव्हगीने दोन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवले. एका ‘ल’चा फरक, दादा. नकाराचा होकार होतो.

ते पुढे म्हणाले, “सगळे टाळ्या वाजवायला लागले. मी भाषांतराचं यंत्र कानाला लावलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या स्पष्टपणाचं कौतुक चाललंय! वर्तमानपत्रांना द्यायचं निवेदन टाइप होत होतं. कॉफीच्या वेळी भाषांतर करणारी मुलगी माझ्याकडे आली. मला विचारलं, तुम्ही या दोन शब्दांतला नेमका कोणता म्हणालात? मी सांगितलं. ती पांढरी पडली. तिने मला झालेलं सांगितलं आणि मग मी पांढरा पडलो. ते निवेदन गेलं असतं तर गावी तोंड दाखवायला जागा नव्हती. मी तिला म्हणालो, मी आत्ता जाऊन ओरडतो की या लोकांनी माझं वाक्य मुद्दाम फिरवलं. ती म्हणाली, नाही, कोणीही फिरवलेलं नाही. मी चुकीचं ऐकलं. मी सांगते.”

दादा, तेव्हा मला कळलं. मी मागे वळून बघितलं. केया मान खाली घालून बसली होती. सेव्हगीचा आवाज थांबला, तिलाही कळलं होतं. तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी, आणि मी तिला कोपराने ढोसतेय, “सांग ना, पुढे काय म्हणतायत ते सांग!”

पुढे ते म्हणाले, “भाषांतर करणाऱ्यांची काचेची खोली असते. ती तिथून नाही बोलली. खाली येऊन माइकपाशी उभी राहिली. आधी जर्मनमध्ये, मग आमच्या भाषेत. ‘मघाच्या वाक्यात चूक झाली आहे. चूक माझी होती, त्यांची नाही. सन्माननीय सदस्य नाही म्हणाले होते.’ एका मिनिटात त्या खोलीतला आनंद गेला. स्वीडनहून आलेल्या बाई चष्मा काढून खाली बघत बसल्या. यजमान इतके चिडले की तिला आपली बॅग उचलायला सांगितली. तिने ती उचलली आणि सगळ्यांना नमस्कार करून गेली.”

मग त्या प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे बघून म्हणाले, “ती गप्प बसली असती तर मी घरी जाऊन म्हटलं असतं की जर्मन खोटारडे आहेत, आणि इकडे हे म्हणाले असते की तुर्क शब्द फिरवतात. मग मला होकार देणं शक्यच नव्हतं, इच्छा असती तरी. जानेवारीत मी बाजूने मत दिलं ते माझ्या विचाराने दिलं. त्या मुलीमुळे दिलं असं नाही. पण मान वर करून दिलं. माझ्या तोंडी कोणी होकार कोंबला असं कोणालाही म्हणता आलं नाही.”

सेव्हगी उठून उभी राहिली. मी तिचा हात धरायला गेले, पण तुम्हाला ती माहीत नाही. भर सभेत, मोठ्या आवाजात तुर्कीत म्हणाली, “ती मुलगी आमच्या घरची आहे. माझ्या स्वयंपाकघरात तुमची भाषा शिकली. आणि ही तिची आई!”

लोक वळून बघायला लागले. केया उठली. ते गृहस्थ मंचावरून उतरून पार शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. केयाला नंतर विचारलं तर म्हणाली, “नाव विचारलं. त्यांना नाव ठाऊक नव्हतं.”

त्या यजमानांनी तिला अजून बोलावलेलं नाही आणि बोलावतील असं वाटत नाही. तिचं काही अडत नाही. न्यायालयाचं काम पुन्हा सुरू झालंय, आणि बर्लिनच्या एका संस्थेने टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, दिलाय. मुलाखतीत नोव्हेंबरचं विचारतील, ती आहे तसं सांगणार आहे.

हे सगळं यांना सांगितलं. यांनी उठून तिचा निळा कोट इस्त्री करायला घेतला.

तुमची नंदा

•

देवळाली, १२ एप्रिल २०२४

चि. केया, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र मी इथे माझ्या चार जुन्या सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नळ म्हणालो होतो तुझ्या कामाला. शब्द मागे घेतो.

पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी तासगावला गेलो. मालिनी सोबत आली, कारण रस्त्यात कोण काय म्हणतं ते मला ऐकू येत नाही. तिला सगळं गाडीत सांगितलं. मिरजेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मिरजेला म्हणाली, “उशीर केलात, पण चला.”

गुरुदत्त द्राक्षबागेच्या कडेला खाटेवर बसला होता. केस सगळे गेलेत. ओळखलं त्याने मला, उठला नाही. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “गुरुदत्त, चौऱ्याऐंशीचा आकडा तू बरोबर सांगितला होतास. मी चुकीचा लिहिला आणि तुझ्यावर ढकलला.”

तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मालिनीने कानाशी येऊन सांगितलं, “ते म्हणतात, थांबा जरा.”

त्याने घरात हाक मारली. बायको आली, दोन मुलगे आले, सुना आल्या, शाळेतून नुकती आलेली नात दप्तरासकट आली. शेजारचे दोघे बांधावर होते, त्यांनाही त्याने हाताने बोलावलं. सगळे उभे राहिल्यावर माझ्याकडे बोट करून त्याने जो आवाज लावला ना केया, तो मला मालिनीशिवाय ऐकू आला.

“आता परत सांगा, सुभेदारसाहेब. मोठ्याने.”

मला तुझी आठवण झाली. तू माइकपाशी कशी उभी राहिली असशील ते मी बघितलेलं नाही, पण मी तसाच उभा राहिलो. टाचा जुळवल्या. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आकडा, गाडी, ड्रायव्हरचा हात, चौकशी, माझं वाक्य. कुठेही कमी केलं नाही. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. ती मालिनीला नंतर म्हणाली की यांच्या चुकीने ड्रायव्हरचा हात गेला असं गावात लोक म्हणतात ते चाळीस वर्षं ऐकत आले, आणि रागाच्या भरात मीही यांना दोनदा तसंच बोलले होते.

मोठा मुलगा माझ्या अंगावर यायला निघाला होता. गुरुदत्तने त्याला हाताने मागे केलं.

माझं बोलून झालं. मग ती नात पुढे आली. तिने आधी मला बघितलं, मग त्याला, आणि म्हणाली, “म्हणजे आजोबा, तुम्ही बरोबर होतात?”

गुरुदत्त खाटेवरून उठला. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंच आहे अजून. खांदे मागे घेतले, हनुवटी वर केली, रांगेत उभा राहायचा तसा.

“होतोच,” तो म्हणाला.

तुझा मामा,
आत्माराम